सागरतीरावरील जुनीं घरें व काँक्रीटचें काम

मागील पावसाळ्यांत शास्त्राच्या तासाला इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस प्रश्न केला, "सर, आमच्या घराच्या चिऱ्यांच्या भिंती पणजोबांच्या वेळच्या आहेत. त्या अजून धड उभ्या आहेत. आणि बाबांनीं घातलेला स्लॅब मात्र दहा वर्षांतच फुटूं लागला. असें कां व्हावें?" वर्गांतील आणखी तीनचार मुलांनीं आपापल्या घरींही हाच प्रकार असल्याचें लागलीच सांगितलें. प्रश्न योग्य होता. परंतु त्याचें पुरें उत्तर त्या एका तासांत देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचा आम्ही यत्न करीत आहों. ह्या विषयांतील आमचें ज्ञान जितकें पुस्तकांतून आलें आहे तितकेंच तें स्वतःच्या घरच्या एका चुकीपासून आलें आहे. म्हणून हा लेख विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या पालकांनींही वाचावा अशी आमची विनंति आहे.

घरची गोष्ट

आमचें वडिलोपार्जित घर रत्नागिरी जिल्ह्यांत एका खाडीच्या मुखाशीं आहे. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या भिंती, त्यांवर चुन्याचा गिलावा आणि वर मंगळुरी कौलांचें छप्पर, असें तें कोंकणांतील शेंकडों घरांसारखें घर. इ. स. २००३ सालीं, आम्हांस नोकरी लागून थोडेच दिवस झाले होते, तेव्हां पुढच्या पडवीचीं कौलें उतरवून तेथें स्लॅब घालावा असें आम्हीं ठरविलें. दर उन्हाळ्यांत कौलें परतण्याची दगदग चुकेल आणि घराला नवें रूप येईल, असा विचार. कामाला गोड्या नदीची वाळू आणावयाची तर ती दूरवरून आणावी लागे. खाडीची वाळू मात्र दाराशींच होती. कामावरील वृद्ध गवंडीकाका म्हणाले, "मास्तर, ही वाळू खारी आहे. गोड्या पाण्यानें चांगली धुतल्याशिवाय लोखंडाजवळ घालूं नका." आम्ही पदवीधर! आम्हीं हंसून उत्तर दिलें, "काका, एकदां सिमेंटमध्यें बसली कीं खारी काय आणि गोडी काय?" काका पुढें कांहीं बोलले नाहींत. पडवी झाली, सर्वांनीं वाखाणली.

त्यानंतर चौदा वर्षांनीं, म्हणजे २०१७ च्या श्रावणांत, एका सुटीच्या दुपारीं आमची आई नेहमींप्रमाणें पडवींत बसून तांदूळ निवडीत होती. पाणी पिण्यासाठीं म्हणून ती आंत गेली, आणि ज्या जागीं ती बसली होती त्याच जागीं स्लॅबच्या खालच्या अंगाचा परातीएवढा तुकडा कोसळला. आवाजासरशीं आम्ही धांवत आलों. सूप चेपलें होतें आणि तांदूळ अंगणापर्यंत उडाले होते. वर पाहतों तों बोटाएवढ्या सळया गंजून, पदर सुटलेल्या दोरासारख्या, उघड्या पडल्या होत्या. आई एवढेंच म्हणाली, "काकांनीं सांगितलें होतें."

काकांनीं जें अनुभवानें जाणलें होतें त्याचें शास्त्र काय, तें आतां पाहूं.

जुनी भिंत कशानें टिकते

आमच्या घराची भिंत दोन वस्तूंची आहे. पहिली जांभा दगड. फ्रान्सिस बुकानन ह्या गृहस्थानें मलबारांत हा दगड पाहून १८०७ सालीं त्यास 'लॅटराइट' हें नांव दिलें. लॅटिन भाषेंत 'लेटर' म्हणजे वीट. खाणींतून काढतांना हा दगड मऊ असतो व हत्यारानें सहज कापतां येतो. हवा लागली म्हणजे तो कठीण होतो. तो सच्छिद्र असल्यामुळें पाणी शोषतो. दुसरी वस्तु चुना. चुनखडी किंवा समुद्रकांठच्या शिंपल्या भट्टींत भाजल्या कीं त्यांतील कार्बन डायॉक्साइड वायु निघून जातो व कळीचा चुना राहतो. पाणी घालून तो विरवावयाचा, वाळू मिसळून घाणींत मळावयाचा व मग कामास लावावयाचा. भिंतींत बसल्यावर हा चुना हवेंतील तोच वायु पुन्हां सावकाश शोषून घेतो व दगडासारखा होतो.

चुन्याचें काम दगडाप्रमाणेंच सच्छिद्र राहतें. पावसाळ्यांत भिंत ओल घेते आणि पावसाळा सरला कीं ती ओल बाहेर टाकते. पाण्याबरोबर आलेलें मीठही गिलाव्याच्या पृष्ठभागावर येऊन पांढऱ्या भुकटीच्या रूपानें झडतें. गिलावा झिजतो, तो दहापंधरा वर्षांनीं पुन्हां करावा लागतो. पण भिंत वांचते. चुन्याचें सामर्थ्य ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं मुरूडजवळील शिवकालीन पद्मदुर्ग पाहावा. तेथें तटाचे दगड खाऱ्या वाऱ्यानें आणि लाटांनीं पोखरून आंत गेले आहेत, आणि त्यांच्या सांध्यांतील चुना दगडांच्या पुढें तसाच उभा आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, ह्या भिंतींत लोखंड नाहीं. गंजण्यासारखें कांहीं पोटांतच नसल्यामुळें तिला आंतून फोडणारा शत्रु नाहीं. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर एवढ्यांतच आलें.

काँक्रीटचें बळ व त्याचें मर्म

पोर्टलंड सिमेंटचें पेटंट जोसेफ अ‍ॅस्पडिन ह्या इंग्रज गवंड्यानें १८२४ सालीं घेतलें. पुढें १८६७ सालीं जोसेफ मोनिए ह्या फ्रेंच माळ्यानें सिमेंटच्या कुंड्यांत लोखंडाची जाळी घालून त्याचें पेटंट घेतलें. आपल्या देशांत पोरबंदर येथें १९१४ सालीं सिमेंटचा कारखाना चालू झाला. सिमेंट, वाळू, खडी व पाणी ह्यांचें काँक्रीट दाब उत्तम सोसतें. परंतु ताण सोसण्याची त्याची शक्ति दाबाच्या मानानें दहाव्या हिश्श्याच्या आसपासच असते. स्लॅबवर भार पडला कीं त्याच्या खालच्या अंगाला ताण बसतो. तेथें लोखंडाच्या सळया घालतात, आणि तो ताण त्या सोसतात. काँक्रीट व लोखंड हे असे एकमेकांस धरून काम करणारे दोन भाऊ आहेत.

पण लोखंड गंजतें. मग काँक्रीटच्या पोटांत तें कसें टिकतें? सिमेंट पाण्याशीं संयोग पावून घट्ट होतांना त्यांत अल्कधर्मी चुना निर्माण होतो. काँक्रीटच्या छिद्रांतील पाण्याचा पीएच अंक १२ च्याही वर असतो. शुद्ध पाण्याचा तो ७ असतो. अशा पाण्यांत लोखंडाच्या अंगावर एक अतिसूक्ष्म, डोळ्यांस न दिसणारा पापुद्रा धरतो. हा पापुद्रा शाबूत आहे तोंपर्यंत गंज चढत नाहीं.

त्याचे वैरी दोन. पहिला हवेंतील कार्बन डायॉक्साइड. तो काँक्रीटच्या छिद्रांतून वर्षानुवर्षें आंत सरकतो व त्यांतील अल्कधर्म नष्ट करीत जातो. पीएच अंक ९ च्या सुमारास उतरला कीं पापुद्रा नाहींसा होतो. गंमत पाहा: जो वायु चुन्याच्या भिंतीला बळ देतो, तोच काँक्रीटमधील लोखंडाचें कवच हिरावून घेतो.

दुसरा वैरी मीठ, आणि समुद्रकांठीं हाच अधिक घातक. मिठांतील क्लोराइड अल्कधर्म तसाच ठेवूनही त्या पापुद्र्यास भोंकें पाडतें. तें आपलें काम करून संपून जात नाहीं. एका ठिकाणीं गंज उत्पन्न करून पुन्हां दुसऱ्या कामास मोकळें होतें. गंजाला लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. काँक्रीटच्या पोटांत ती जागा कोठून यावयाची? म्हणून आंतून दाब पडतो, सळईच्या रेषेनें बारीक भेग दिसते, भेगेंतून पाणी, हवा व आणखी मीठ शिरतें, आणि शेवटीं खपली सुटून खालीं पडते. बाहेर भेग दिसते तेव्हां आंत रोग बराच जुना झालेला असतो.

कोंकणांत ह्या रोगाला सर्व प्रकारें अनुकूलता आहे. वाऱ्याबरोबर खारे तुषार येतात; रत्नागिरीस वर्षाकांठीं ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; आणि पुढील आठ महिने उन्हाळा व दमट हवा. ओलें होणें व वाळणें ह्या आळीपाळीच्या क्रमानें मीठ आंत आंत ओढलें जातें. त्यांत आमच्यासारखा शहाणा मनुष्य वाळूबरोबर स्वतःच्या हातानें मीठ आंत घालील, तर मग वाऱ्याला वेगळे श्रम नकोत!

नवें काम करतांना

३ जून १९२० नव्हे, तर अगदीं आपल्या डोळ्यांदेखत, ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळानें रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर घरांचीं कौलें व पत्रे उडवून नेले. तेव्हांपासून आमच्या ओळखीच्या अनेक कुटुंबांनीं छप्पर काढून स्लॅब घालण्याचें मनावर घेतलें आहे. ही इच्छा स्वाभाविक आहे. स्लॅब घालूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. तो कसा घालावा हें जाणून घालावा.

भारतीय मानक ब्यूरोनें २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या ४५६ क्रमांकाच्या संहितेंत समुद्रकांठच्या हवेंतील काँक्रीटसाठीं जे नियम दिले आहेत, त्यांपैकीं मुख्य असे:

१. सळईवर काँक्रीटचें आवरण ४५ मिलिमीटर असावें. जेथें लाटांचे तुषार प्रत्यक्ष उडतात तेथें ५०. आमच्या पडवींत कांहीं ठिकाणीं तें करंगळीच्या जाडीचेंही नव्हतें. सळयांची जाळी फळ्यांवर टेकूं नये म्हणून तिच्याखालीं योग्य जाडीचे सिमेंटचे ठोकळे ठेवावे; दगडाच्या किंवा विटेच्या तुकड्यांवर भागवूं नये.

२. पाणी बेतानें घालावें. पाण्याचें वजन सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पटीहून अधिक असूं नये. म्हणजे ५० किलोच्या एका गोणीस साडेबावीस लिटर, आणि त्यांतच ओल्या वाळूंतील पाणीही धरावयाचें. माल सैल झाला म्हणजे पसरावयास सोपा जातो खरा; पण जास्तीचें पाणी पुढें उडून जातें आणि त्याच्या जागीं छिद्रें राहतात. तींच मिठाची वाट.

३. सिमेंटचें प्रमाण घनमीटरास निदान ३२० किलो असावें.

४. पाणी गोडें असावें. लोखंड घातलेल्या काँक्रीटच्या पाण्यांत लिटरमागें ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड चालतें. समुद्राच्या पाण्यांत तें सुमारें १९००० मिलिग्रॅम असतें, म्हणजे मर्यादेच्या अडतीसपट! भरतीच्या वेळीं मचूळ होणाऱ्या विहिरीचें पाणीही तपासल्याशिवाय घेऊं नये. वाळूलाही हाच न्याय.

५. स्लॅब घातल्यावर तो सतत ओला ठेवावा. साध्या सिमेंटास निदान सात दिवस, आणि राखमिश्रित किंवा धातुमळीमिश्रित सिमेंटास निदान दहा दिवस. हीं मिश्र सिमेंटें मिठाला अधिक दाद देत नाहींत, म्हणून किनाऱ्यावर तीं चांगलीं. मात्र त्यांस पाणी मारण्यांत आळस खपत नाहीं.

आणखी एक गोष्ट वजनाची. काँक्रीट घनमीटरास सुमारें २५०० किलो भरतें. साडेबारा सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचें वजन चौरस मीटरास ३०० किलोंहून अधिक होतें. कौलारू छपराचें वजन त्याच्या एकतृतीयांशाहूनही कमी. ज्या भिंतींनीं व पायानें आजवर हलकें छप्पर वाहिलें, त्यांच्यावर हा भार घालण्यापूर्वीं जाणत्या अभियंत्यास घर दाखवावें. त्याची फी स्लॅबच्या खर्चापुढें कांहींच नाहीं.

फुटलेल्या स्लॅबची दुरुस्ती

स्लॅबच्या खालच्या अंगास हातोडीनें हलकेच ठोकून पाहावें. घट्ट जागीं टणक आवाज येतो. खपली सुटलेल्या जागीं मडक्यासारखा पोकळ. अशा जागेखालीं बसणें, झोंपणें व मुलांस खेळूं देणें त्याच दिवशीं बंद करावें व टेकू द्यावा.

नुसती भेग सिमेंटानें लिंपून वर रंग देणें म्हणजे गळूवर पावडर लावणें होय. योग्य रीति अशी: सैल काँक्रीट सर्व काढावें, सळईच्या मागपर्यंत खोदावें, आणि गंजलेला भाग संपून स्वच्छ लोखंड लागेपर्यंत सळई उघडी करावी. तारेच्या ब्रशानें किंवा वाळूच्या फवाऱ्यानें गंज पूर्ण काढावा. सळई फार झिजली असेल तर तिच्या जोडीस नवी द्यावी. किती झिजली म्हणजे फार, हें अभियंत्यानें ठरवावें. मग गंजरोधक लेप, त्यावर पॉलिमरमिश्रित सिमेंटचा गिलावा, आणि त्यासही पाणी मारणें.

येथें एक सूक्ष्म गोष्ट आहे. जुन्या काँक्रीटमध्येंच मीठ मुरलें असेल तर एका जागीं ठिगळ लावल्यानें गंज थांबत नाहीं, तो ठिगळाच्या कडेला सरकतो. पूर्वीं रोगट भाग स्वतः गंजत असतां शेजारच्या सळईस एक प्रकारें विजेच्या घटाप्रमाणें संरक्षण देत होता. तो दुरुस्त होतांच शेजारचा भाग गंजूं लागतो. म्हणून मीठ कोठवर गेलें आहे हें नमुना तपासून मगच दुरुस्ती करावयाची कीं स्लॅब काढावयाचा, तें ठरवावें. आमच्या पडवीचें काँक्रीट सर्वत्र खारें निघालें. स्लॅब उतरवावा लागला.

जुन्या भिंतीवर सिमेंट नको

पडवीबरोबरच आम्हीं ओटीच्या भिंतींवर सिमेंटचा कडक गिलावा दिला होता. चुना झडतो, सिमेंट झडणार नाहीं, असा समज. दोन पावसाळ्यांतच भिंत फुगली आणि पोपडे पडूं लागले. कारण उघड आहे. जमिनींतून चिऱ्यांत चढणारी ओल पूर्वीं चुन्यांतून बाहेर पडे. आतां तिची वाट बंद झाली. मीठ गिलाव्याच्या मागें साठलें, त्याचे स्फटिक वाढले व त्यांनीं गिलावाच नव्हे तर चिऱ्याचा पृष्ठभागही सोलून काढला. घराभोंवतीं भिंतीला चिकटून काँक्रीटचें अंगण केल्यासही जमिनीची ओल भिंतींतच चढते. तेव्हां जुन्या चुन्याच्या भिंतीस चुनाच द्यावा, छपराच्या पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील असें करावें, आणि पाण्याला वाट काढून द्यावी.

विद्यार्थ्यांसाठीं प्रयोग

चार स्वच्छ कांचेच्या बाटल्या व चार नवे, घांसून चकचकीत केलेले खिळे घ्या. पहिल्या बाटलींत कोरडा खिळा ठेवून बूच लावा. दुसरींत गोडें पाणी, तिसरींत मिठाचें पाणी आणि चौथींत चुन्याची निवळी घालून एकेक खिळा टाका. चौथीचें बूच घट्ट असूं द्या. आठ दिवस रोज पाहून वहींत लिहा. तिसरा खिळा तांबूस झाला असतां चौथा चकचकीत कां राहिला, ह्याचें उत्तर वरील मजकुरांत आहे. दुसरा प्रयोग शिक्षकांसमोर करावा: थोडी वाळू शुद्ध केलेल्या पाण्यांत हलवून तें पाणी गाळा व त्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे थेंब टाका. दुधासारखा पांढरा साका आला तर त्या वाळूंत क्लोराइड आहे. ज्यांच्या घरीं बांधकाम निघालें असेल त्यांनीं वाळूची एक पुडी शाळेंत अवश्य आणावी.

आमच्या पडवीवर आज पुन्हां कौलें आहेत. हींच मंगळुरी कौलें बेझल मिशनच्या कारखान्यांत १८६५ पासून होऊं लागलीं, आणि पश्चिम किनाऱ्यावर घरोघर पोहोंचलीं. दर उन्हाळ्यांत तीं परततांना दगदग होते. ती आतां आम्ही आनंदानें करतों. गवंडीकाका स्लॅब पडण्यापूर्वींच वारले. त्यांची क्षमा मागण्याची संधि आम्हांस मिळाली नाहीं. हें काम त्यांच्या मुलानें केलें. वाळूची गाडी आली तेव्हां त्यानें चिमूटभर वाळू जिभेवर ठेवून पाहिली, मग ती पाण्यांत घालून आमच्या हातीं दिली आणि म्हणाला, "मास्तर, ही तुमच्या शाळेंत तपासून आणा."

आम्ही ती तपासून आणली.